नानांच्या बाथरूमची दुरुस्ती

खालच्या बाथरूमच्या जाळीतून शेजाऱ्यांच्या साबणाचा फेस वर आला, तेव्हा मला पहिला राग आला तो त्या साबणाच्या वासाचा. गुलाबाचा वास होता. दुसऱ्याच्या अंघोळीचं पाणी आपल्या घरात यावं आणि वर ते गुलाबाचं असावं, म्हणजे चोरानं घर फोडून जाताना पायपुसणं नीट करून जाण्यातला प्रकार झाला.

मी नवऱ्याला हाक मारली. तो आला, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, जाळीकडे बराच वेळ पाहिलं, "येतंय खरं," म्हणाला आणि परत पेपर वाचायला गेला. आमच्याकडे कुठलंही संकट आलं की ते आलंय हे मान्य करण्याचं खातं त्याच्याकडे असतं. पुढची सगळी खाती माझ्याकडे.

मी शाळेत भूगोल शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्यानं त्यानं मला त्यावरून ऐकवलं आहे, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तर हे खालचं बाथरूम नानांचं. नाना म्हणजे माझे सासरे. ऐंशी कधीच उलटली, गुडघ्यांनी राजीनामा दिला, पण ताठा अजून कामावर आहे. मागच्या खोलीत राहतात. पलंगापासून भिंतीला हात लावत लावत बाथरूमपर्यंत स्वतःचे स्वतः जातात. कुणी हात धरायला पुढे झालं तर असे बघतात की पुढे झालेला माणूस तसाच मागे होतो. मला एकदाच काय ते नीट समजावून सांगितलं होतं.

"सूनबाई, बाकी काय वाट्टेल ते होऊ दे. माझं मला जाता आलं पाहिजे. तेवढं गेलं की उरलेल्याचं मला काही सांगू नका."

आणि तेवढ्यावरच माझ्या नणंदेचा डोळा होता. ती नानांची थोरली लेक, मनानं वाईट मुळीच नाही, पण दुसऱ्याच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची काळजी तिला फार दुरून आणि फार स्पष्ट दिसते. तिनं गावाबाहेरचा एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. तिथं सगळं कसं हाताशी आहे, माणसं कशी तयार आहेत, हे ती आली की सांगायची. विषय निघाला की नानांना ऐकू येईनासं व्हायचं. ती गेली की यायचं. एरवी ती म्हणायची, घरात त्यांचं त्यांना जमतंय तोवर राहू दे. म्हणजे नानांचं घरात राहणं त्या बाथरूमवर टिकून होतं, आणि त्या बाथरूममधून आता गुलाब यायला लागला होता.

ज्यांचा साबण होता ते शेजारी लगेच आले. त्यांना आमच्या गल्लीत तज्ज्ञ म्हणतात. कशातले, ते अजून ठरायचं आहे. त्यांनी वाकून फेस बघितला आणि जराही न ओशाळता म्हणाले, साबण माझाच. मग खुर्ची मागून घेतली आणि कारणं सांगायला बसले. आमची आणि त्यांची घाण जुन्या काळापासून एकाच नळीतून जाते, हे मला त्या दिवशी कळलं. नातेवाइकांत सुद्धा इतकी जवळीक नसते. त्यांचा पहिला सल्ला, उकळतं पाणी आणि मीठ. दुसरा, सोडा. तिसरा, ॲसिड. मी बाई आज्ञाधारक, तिन्ही केले. ॲसिडनं जाळी खाल्ली, फरशीची चकाकी खाल्ली, माझ्या चपलेचा तळ खाल्ला. तुंबलेलं होतं ते जागचं हललं नाही, फक्त आता त्याच्या आजूबाजूला फार स्वच्छता होती.

मग प्लंबर आला. त्याला आम्ही 'झालंच' म्हणतो. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी तो "झालंच समजा" असं म्हणतो, आणि मग आपण समजायचं असतं. त्यानं लांब सळई आत घातली, फिरवली, ओढली. सळई अडकली. मी काळजीनं विचारलं तर म्हणाला, अडकली म्हणजे बरोबर जागी पोचली. मग तिला सोडवायला दुसरी सळई घातली. तीही बरोबर जागी पोचली. त्या दिवसापासून कमोडमधलंही पाणी खाली जायचं थांबलं. फ्लश केला की ते काठापर्यंत चढायचं, विचार करत उभं राहायचं, आणि कधी कधी विचार बदलून बाहेर यायचं. त्या पाण्यातून आणखी काय काय आलं ते मी इथं लिहीत नाही. घरात सगळ्यांनी एकमेकांच्या नजरा टाळून पुसून काढलं.

वरच्या मजल्यावर दुसरं बाथरूम होतं आणि त्याची नळी घराच्या दुसऱ्या अंगानं जात असल्यामुळे ते धडधाकट होतं. मधे जिना होता. नानांना खुर्चीत बसवून वर न्यायचं ठरलं. एका बाजूनं नवरा, दुसऱ्या बाजूनं झालंच, मागून मी उशी धरून आणि पुढून तज्ज्ञ सूचना देत. "डावीकडे घ्या, डावीकडे," असं ते सांगायचे, आणि त्यांची डावी आमची उजवी असल्यामुळे खुर्ची दर वेळी कठड्याला आपटायची. मला तेव्हा हसूही आलं होतं, खोटं कशाला बोलू. नानांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. वरून परत आणेपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत.

मग नानांनी एक उपाय काढला, आणि तो कुणालाच सांगितला नाही. त्यांनी पाणी पिणंच बंद केलं. सकाळचा चहा घ्यायचे, मी वळले की खिडकीतून बाहेर ओतायचे. पाण्याचा तांब्या भरलेला असायचा तसाच असायचा, आणि मला वाटायचं, झाकण ठेवलंय म्हणजे पिऊन ठेवलं असेल. जायचंच नाही तर न्यायचा प्रश्न नाही, असा साधा हिशेब. एका दुपारी मी शाळेतून आले तर ते पलंगाच्या कडेला खाली बसले होते. पडलो नाही, बसलोय, म्हणाले. ओठ सुकून पांढरे पडले होते. डॉक्टरांनी बघून सांगितलं, मोडलं काही नाही, पण अंगात पाणीच नाही. मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं झालंचकडे बघितलं. बाथरूममध्ये पाणी जात नव्हतं म्हणून माणसानं पाणी सोडलं होतं, आणि आम्ही जाळीत डोकावत बसलो होतो.

संध्याकाळी नणंद आली. आरडाओरडा केला असता तर मी चार शब्द ऐकवले असते, पण ती नुसती नानांच्या पायाशी बसली आणि रडली. मग म्हणाली, काम होईपर्यंतच आश्रमात नेऊ या, तात्पुरतं. नाना तिच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"नाना, बाथरूम झालं की मी स्वतः तुम्हाला घ्यायला येईन," मी म्हटलं.

"लवकर कर," ते म्हणाले.

मी कंबर कसली. झालंचच्या ओळखीचा एकजण तारेच्या टोकाला कॅमेरा लावून घेऊन आला. तो नळीत सोडला आणि आम्ही सगळे एका छोट्या पडद्याभोवती जमलो. आपल्या घराच्या पोटात बघायची वेळ कुणावर येऊ नये. तज्ज्ञांनी समालोचन सुरू केलं. घर बांधलं तेव्हाच्या भाजक्या मातीच्या नळ्या, एकीत एक बसवलेल्या, सांध्यांना सिमेंट. सुरुवातीला सगळं सरळ होतं. मग नळी खाली झोक खाऊन साचलेल्या पाण्यात बुडाली. आणि मग एक सांधा आला, तिथं एक नळी वर राहिलेली, दुसरी खाली बसलेली, सिमेंट कधीच झडलेलं, आणि मधल्या फटीतून माती आत आलेली. त्या मातीत झालंचच्या दोन्ही सळया शेजारी शेजारी उभ्या होत्या.

"तुटलेली नाही," झालंच म्हणाला. "जमिनीनं ओढलीय."

जमीन कशाला ओढेल, असं तज्ज्ञ म्हणाले. आणि मला उत्तर येत होतं. चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, तिला भेगा पडतात, ती आपल्यातलं सगळं हलवते. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते, खाली दोन रेघा मारते आणि परीक्षेला विचारते. आमच्या घराच्या मागच्या भिंतीलगत नानांचा वाफा होता. नानांनी टंचाई भोगलेली, त्यामुळे घरात नियम असा की पाण्याचा थेंब वाया जायचा नाही. अंघोळीचं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी, वॉशिंग मशीनची नळी, सगळं त्या वाफ्यात. नाना स्वतः खिडकीपाशी बसून मगानं मगानं सोडायचे. मागची माती बारा महिने पाणी पिऊन टम्म फुगलेली. पुढच्या बाजूला मात्र फरसबंदी अंगण, थेंब नाही, कडेच्या भेगेत फूटपट्टी जाईल अशी जमीन. एक बाजू वर ढकलतेय, दुसरी खाली बसतेय, आणि मधे ती म्हातारी नळी. कुठे जाणार बिचारी.

याच वाफ्यापाशी मी माझा अख्खा वर्ग आणून पाण्याची बचत दाखवली होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि नानांनी छोटंसं भाषण केलं होतं.

मी हे सगळं मोठ्यानं सांगायला नको होतं, पण वर्गाची सवय. तज्ज्ञ शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे वहिनी, तुम्हाला हे माहीत होतं." नवऱ्यानं पडद्यावरून नजर काढली. तो म्हणाला, नानांना यातलं काही कळता कामा नये. त्या महिन्यातलं त्याचं हे एकमेव कामाचं वाक्य, आणि मला ते मनापासून पटलं.

नळी बदलायची तर ती रस्त्यातल्या मोठ्या चेंबरला जोडायला हवी, आणि त्यासाठी पालिकेची परवानगी. मी शाळेतून रजा घेऊन गेले. ड्रेनेज विभाग म्हणाला, चेंबर आमचंच आहे, पण त्याच्यावरचा रस्ता आमचा नाही. रस्ते विभाग म्हणाला, रस्ता आमचाच, नुकताच डांबरी केलाय, हमीची मुदत संपेपर्यंत खोदता येणार नाही, आणि त्याखाली चेंबर आहे म्हणता तर आम्हाला डांबर टाकताना कसं दिसलं नाही? मी म्हटलं, तुम्ही त्याच्यावरच डांबर टाकलंत म्हणून. हे फार लागलं त्यांना. खरं बोलून कामं होत नाहीत हे मी मुलांना कधी शिकवत नाही, आणि तिथं माझी चूक होते.

शेवटी एका कारकुनानं मार्ग काढला. जागेचा हातानं काढलेला नकाशा द्या, मी पुढे सरकवतो. नकाशा म्हटल्यावर माझी मान ताठ झाली. मी रात्रीचं जेवण आटपून मन लावून नकाशा काढला, रंगसुद्धा भरले. कारकुनानं तो बघितला आणि परत केला. दिशा दाखवलेली नाही, प्रमाण लिहिलेलं नाही, म्हणाला. मग जरा लाजून पुढे म्हणाला, "बाई, मी तुमच्याच वर्गात होतो. याच्यासाठी तुम्ही माझे मार्क कापले होते." बाकावर बसलेले लोक माझ्याकडे बघायला लागले. मी तिथंच उभ्या उभ्या उत्तर दिशेचा बाण काढून दिला. घाईघाईत तो जरा ईशान्येला गेला, पण पोरगा मनानं मोठा, त्यानं चालवून घेतला.

या सगळ्यात मी शाळा सुटल्यावर वृद्धाश्रमात नानांकडे जाऊन यायची. सुरुवातीला नाना भडकलेले असायचे. इथं बेल वाजवायची म्हणे. मग मावशी येणार, ती हाताला धरणार, मग जायचं. एकटं जायचं नाही, पडाल. पडलो तर मी पडेन ना, तिचं काय जातंय? एकदा ते न विचारता उठून गेले, तर दुसऱ्या दिवसापासून पलंगाला कठडा लागला. त्याच्यानंतरच्या खेपेला माझ्याकडे न बघता भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, डायपर बांधतात. मी संत्रं सोलत होते, ते सोलतच राहिले. निघताना ते दर वेळी विचारायचे, कुठवर आलं? मी सांगायची, झालंच समजा. माझ्या तोंडात त्या प्लंबरची भाषा कधी आली ते मला कळलं नाही.

खणायला सुरुवात झाली आणि घराची पार रया गेली. नानांच्या खोलीतली फरशी फुटली, वाफा उखडला गेला, अंगणातून दारापासून फाटकापर्यंत चर. पहिल्याच दिवशी कुदळीनं पिण्याच्या पाण्याची नळी फोडली. तज्ज्ञ हातात मोबाइल घेऊन फाटकात उभे राहायचे आणि चराची खोली किती असावी ते खोदणाऱ्यांना सांगायचे. खोदणारे मान हलवायचे आणि आपल्याला हवं तेवढं खोदायचे. मी रोज फळीवरून चर ओलांडून शाळेला जायची. एका सकाळी फळी फिरली आणि मी इस्त्रीच्या कपड्यांसकट, तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यासकट आत. कंबरेपर्यंत चिखल. कुठला चिखल ते विचारू नका. तज्ज्ञांनी हात पुढे करण्याआधी मला सांगितलं की फळीच्या मधोमध पाय द्यायचा असतो. मला तिथं रडू फुटलं, आणि एकदा फुटलं ते थांबेना. त्या बिचाऱ्यांना वाटलं, लागलं. मी म्हटलं, नाही हो, मला नानांना घरी आणायचंय. तेव्हा पहिल्यांदा त्या माणसानं एकही सूचना न देता मला ओढून वर काढलं.

या दिवसांत नानांनी "कुठवर आलं" विचारणं कधी सोडलं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी जायची, ते म्हणायचे, बस. मी चराचं, कारकुनाचं, माझ्या पडण्याचं सांगायची. ते ऐकायचे. चिडचिड नाही, तक्रार नाही. नणंद म्हणाली, रुळले बघ. मलाही हायसं वाटलं. इतक्या कटकटींत एक कटकट कमी झाली तर कुणाला नको असतं?

नव्या नळ्या बसल्या. प्लॅस्टिकच्या, सांध्यांना रबर, जमीन थोडी हलली तरी सोबत हलतील अशा. गवंडी बजावून गेला की आता पाणी एकदम तोडू नका आणि एकाच जागी ओतूही नका, घराच्या चारी बाजूंना सारखी ओल राहू द्या. तेव्हापासून मी झारी घेऊन घराला प्रदक्षिणा घालते. बाथरूम तर असं झालं की बघत राहावं. न घसरणारी फरशी, दोन्ही बाजूंना धरायला दांडे, बसल्या जागी हाताला येईल असं दिव्याचं बटण. दांडे नवऱ्यानं स्वतः बसवले, आणि नाना जितके उंच तितकी उंची धरून रिकाम्या हवेत हात टेकवून पुन्हा पुन्हा तपासून पाहिली. मग आम्ही पाणी सोडलं. ते गेलं. पुन्हा सोडलं, पुन्हा गेलं. तज्ज्ञांनी त्यांच्या घरून साबणाचं पाणी सोडलं, तेही आमच्याकडे न येता परस्पर गेलं. प्लंबर कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "झालं." नुसतं झालं. तो शब्द त्याच्या तोंडी इतका नवा होता की नवऱ्यानं त्याच्याशी हात मिळवला.

दुसऱ्याच दिवशी मी नानांना आणायला गेले. नणंद म्हणाली, राहू दे ना आता तिथंच, सवय झालीय. मी म्हटलं, ताई, मी शब्द दिलाय. नाना इस्त्रीचा सदरा घालून तयार बसले होते. सदऱ्यात पूर्वी नाना मावायचे नाहीत, आता मावून वर जागा उरली होती. मी त्यांना गाडीत बसवलं. वाफ्याबद्दल विचारलं तर काय सांगायचं, ते मी पाठ करून ठेवलं होतं, कीड लागली होती म्हणून काढला. वाफ्याच्या जागी नुसती दाबलेली माती होती. नाना तिच्यावरून चालत गेले आणि त्यांनी काहीच विचारलं नाही.

मी त्यांना पलंगावर बसवलं. पलंगापासून बाथरूमचं दार दिसत होतं. मी दांडे दाखवले, बटण दाखवलं, फ्लश करून दाखवला. एखाद्याच्या घरी पाहुणं गेल्यावर म्हणतो तसं ते म्हणाले, छान झालंय. नवरा दारात उभा होता, तो बाहेर निघून गेला. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.

चहा घेऊन परत आले तर नाना पलंगाच्या कडेला बसलेले. पाय जुळवलेले, उजवा हात वर, आणि करंगळी उभी. किती वेळ बसले होते, देव जाणे. हात कापायला लागला होता, म्हणून डाव्या हातानं त्यांनी तो कोपरापाशी धरला होता.

"जाऊ का?" त्यांनी विचारलं.

वर्गात अशी करंगळी दिसली की माझ्या तोंडून आपोआप येतं, तास संपेपर्यंत थांब. हजार वेळा म्हटलं असेल मी ते, वहीतून मान वर न करता. आता कप हातातून ठेवायला जागा सापडेना, शेवटी खाली फरशीवर ठेवला.

"नाना, तुमचंच आहे ते. वाटेल तेव्हा जा."

ते उठले नाहीत. माझ्या मागे दाराकडे बघत राहिले, तिथून कुणीतरी यायचं राहिल्यासारखं.

"मावशी?"

"मावशी नाही इथं. मीच आहे."

"मग धर," ते म्हणाले आणि हात पुढे केला.

मी धरला. आम्ही दोघं गेलो. नव्या दांड्यांना त्यांनी हात लावला नाही, माझंच मनगट घट्ट धरून ठेवलं. मी तोंड भिंतीकडे करून उभी राहिले आणि रडताना आवाज होऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला. त्यांचं झाल्यावर मी फ्लश केला. पाणी कुठेही न थांबता खाली गेलं. मी त्यांना परत आणलं, पलंगाच्या कडेशी उभं केलं आणि चादर सारखी करायला वळले. नाना उभेच होते.

"आता बसू का?" त्यांनी विचारलं.